इतिहासाच्या खोलीतला पाऊण तास

अमेरिकेत पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी आठवड्यातून दोन दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत, तळघरातल्या गावाच्या इतिहासाच्या खोलीत काम करायचे. जुने फोटो स्कॅन करायचे, खाली माहिती लिहायची. माहिती सांगायला गावातल्याच एक बाई यायच्या, वय ऐंशीच्या घरातलं. हे गाव मुळात बुटांच्या कारखान्याचं. बाईंनी तिथे बावीस वर्षं बूट शिवले. कारखाना बंद पडला, मुख्य रस्त्यावरची निम्मी दुकानं गेली, उरलं ते टेकडीवरचं कॉलेज. आता आम्ही तुमच्यावरच जगतो, असं त्या म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि राग किती, ते मला कधी कळलं नाही.

त्या दिवशी आम्ही कारखान्याच्या फाटकापाशी उभ्या बायकांचा फोटो बघत होतो आणि माझा फोन कर्कश वाजला. कॅम्पसमध्ये बंदूक घेतलेला माणूस दिसलाय, दारं लावून लपून राहा. कॉलेजकडून आलेला तो मेसेज मी दोनदा वाचला, पण हातपाय हलेनात. दार बाईंनीच लावलं, दिवा मालवला, आणि गुडघे धरलेले असूनही माझ्याबरोबर टेबलाखाली शिरल्या.

नागपूरला तेव्हा रात्र, आई झोपलेली असणार. तिला मेसेज लिहिला आणि पुसून टाकला.

जिन्यावर पावलं वाजली. दाराची मूठ फिरली, थांबली, परत फिरली. मी तोंडावर हात दाबून धरला. बाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. पावलं पुढे गेली.

बऱ्याच वेळाने त्या कुजबुजल्या, "कारखान्यात आम्हाला आगीची भीती असायची. पण आग लागली तर बाहेर पळायचं, एवढं तरी माहीत होतं."

पाऊण तासाने पोलिसांनी आम्हाला बाहेर काढलं. मघाशी मूठ फिरवून बघणारेही तेच होते. तो माणूस नदीपलीकडे सापडला होता, कुणाला इजा झाली नव्हती. बाईंनी मला गाडीने घरी सोडलं. मी उतरताना त्यांनी विचारलं, "गुरुवारी येशील ना?"

मी हो म्हणाले. आईला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही.

गुरुवारी त्या माझ्याआधीच येऊन बसल्या होत्या. आम्ही फोटोंचं काम पुढे सुरू केलं. बाहेरून कुणी पुस्तकांची ट्रॉली ढकलत नेली, तर बाई बोलता बोलता थांबायच्या, माझी बोटं कीबोर्डवर थबकायची. ट्रॉली लांब गेली की त्या पुढचं नाव सांगायच्या.