गोठ्यामागचा ढीग

कासार आंबोलीत सून म्हणून येऊन गोजराला चार वर्षं झाली, तरी राब पेटवायचं काम काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. एकोणीसशे पंचवीसच्या आसपासची गोष्ट. भाताचं रोप टाकायच्या वाफ्यावर शेण, पाला, गवत अंथरायचं, वर बारीक माती टाकायची आणि पावसाआधी तो भाजून काढायचा, हा राब. जमीन नीट भाजली तर तण मरतं आणि रोप तरारून येतं. नाही भाजली की वर्षभराच्या भाताची बोंब.

गोजरा इंदापूरकडची, ज्वारी-बाजरीच्या मुलखातली. पहिल्या वर्षी तिनं शेणाचा एवढा जाड थर दिला, की सगळी आळी हसली. सासू कोंडाबाई हसली नाही आणि बोललीही नाही. बोलणं हा तिचा प्रांतच नव्हता. आधी शेण, मग पाला, मग माती, असं एकेक काम तिनं सुनेच्या हाती दिलं. चुकलं तर स्वतः करून दाखवायची, आणि कारण विचारलं तर "बग की" एवढंच. गोजराही हट्टी, डोळ्यांत तेल घालून बघायची. आत्याबाई जांभळीखालच्या कोपऱ्यात उभ्या राहतात, पदराचं टोक सोडतात, झटकतात, पुन्हा खोचतात आणि काडी ओढतात, हे तिला तोंडपाठ झालं होतं.

एका गोष्टीवर मात्र ती नाक मुरडायची. दर उन्हाळ्यात कोंडाबाई पाल्याचा एक ढीग गोठ्यामागं वेगळा रचायची, त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही, आणि पाऊस तोंडावर आला की गुरांच्या पायाखाली टाकून द्यायची. तो पाला रानातून वाहून गोजराची मान मोडायची. "म्हातारीला साठवायचा सोस हाय," असं ती नवऱ्यापाशी कुरकुरायची.

पाचव्या वैशाखात एका सकाळी कोंडाबाईनं काड्यांची पेटी सुनेपुढं ठेवली. "आज तू."

गोजरा धुतलेलं लुगडं नेसून निघाली. राखेत जाताना धुतलेलं कोण नेसतं? पण ती नेसली. जांभळीखाली उभी राहिली. पदर सोडला, झटकला, खोचला. काडी ओढली आणि राब भडकला. एरवी धुमसत, चरणाऱ्या म्हशीसारखा सावकाश सरकणारा विस्तव गवतावरून पळत सुटला आणि बघता बघता पलीकडच्या, डोंगराकडच्या बांधाला जाऊन विझला. कोंडाबाईनं राख सारून मातीत हात घातला, मग गोजराचा हात धरून तिथंच ठेवला. माती गार होती.

राब वरच्या वरच जळाला होता, वाफा भाजलाच नव्हता. पुन्हा थर द्यायला जवळच्या रानात पाला उरला नव्हता, आणि वळीव कधीही आला असता.

"आत्याबाई, म्या समदं तुमच्यासारखंच केलं वो!"

"व्हय. माज्याकडं बगून केलंस. पर मी कशाकडं बगत व्हते?"

गोजरानं भोवताली पाहिलं.

"पदर सोड."

तिनं सोडला. टोक फडफडत डोंगराकडं गेलं. रोजचं वारं डोंगराकडून यायचं, आज ते उलटं होतं.

"आग वाऱ्याच्या तोंडावर चालली तर दमानं चालती," कोंडाबाई म्हणाली. "वाऱ्याच्या संगती सोडली का पळती."

पदर झटकायची लकब गोजरानं हुबेहूब उचलली होती, पण त्या पदराकडं बघितलंच नव्हतं. तिला रडू फुटलं, आणि रागही आला. "तुमाला कळलं व्हतं, तर अडवलं का न्हाई?"

"अडवलं असतं तर माजं ऐकलं असतंस. वारं बगितलं नसतंस." कोंडाबाई उठून गोठ्याकडं चालू लागली. "चल, पाट्या घे. त्यो ढीग आन."

"गोठ्यामागचा?"

"तू ह्या घरात आलीस तवापास्नं रचतीया. कदी ना कदी चुकणारच व्हतीस की."

गोजरा जागच्या जागी उभी राहिली. इतकी वर्षं आपण ज्या ढिगाला नावं ठेवली, तो म्हातारी आपल्यासाठीच रचत होती, हे कळून तिला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. इतकं माहेरीही कुणी तिला सांभाळून घेतलं नव्हतं.

दोघींनी पुन्हा थर दिले. गोजरा या खेपेला डोंगराकडच्या बांधावर गेली, पदर सोडला, नीट बघितला आणि काडी लावली. दुपार कलली तरी राब धुमसत होता. संध्याकाळी मातीत हात घालायला गेली तर चटका बसला, आणि चटका बसला म्हणून ती हसली. त्या साली रोप असं आलं, की हसणारी आळी बांधावर बघायला आली.

पुढच्या माघात धाकट्या दिराचं लग्न झालं आणि बयाबाई घरात आली. उन्हाळ्यात दोघी जावा रानातून पाला घेऊन परतल्या, तेव्हा गोजरानं कुणी न सांगता आपला पहिला भारा गोठ्यामागं नेऊन टाकला.

"ह्यो येगळा कशाला वो, जाऊबाई?" बयाबाईनं मान चोळत विचारलं.

गोजरानं ओट्यावरच्या सासूकडं पाहिलं. कोंडाबाई गालातल्या गालात हसत होती.

"बग की," गोजरा म्हणाली, आणि दुसरा भारा आणायला वळली.