खालच्या बोळातून जाणारा रेज टिझर्ड

साउदॅम्प्टनच्या गोदीजवळच्या आमच्या नॉर्थममध्ये बोटीवर न गेलेला पुरुष शोधून सापडायचा नाही. माझा नवरा बोटीच्या भट्टीवर होता, तो सगळ्या बोटींना शिव्या द्यायचा. शेजारचा रेज टिझर्ड मात्र ‘लेडी मॅरियन’ या मोठ्या प्रवासी बोटीवर स्ट्यूअर्ड होता आणि तिचं नाव काढलं की अजूनही टोपी काढतो.

स्ट्यूअर्ड म्हणजे वरच्या वर्गाच्या खोल्या सांभाळणारा. बिछाने घालायचे, सकाळी चहा न्यायचा, कुणाला बोट लागली की बादली धरायची. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्क आणि परत, सगळं आयुष्य असंच. घरी आला की पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसायचा. त्याची बायको डोरा मला म्हणायची, “पेग, ह्याला घरात हरवल्यासारखं होतं गं. परवा स्वतःच्याच बेडरूमचं दार वाजवून आत आला.”

डोरा वारली. मुलगी मॉरीन ग्रॅहमशी लग्न करून ऑस्ट्रेलियात, पर्थला गेली. लोक विमानाने जायला लागले तशी लेडी मॅरियनही जुन्या गोदीच्या टोकाला बांधून ठेवली ती ठेवलीच. धुराड्यांवर पाखरांनी घरटी केली. रेज रोज दुपारी तिच्यासमोरच्या कठड्याशी जाऊन उभा राही. पाऊस असला तरी जाई. आजारी नातेवाइकाला बघायला जावं तसं.

मग एका कंपनीच्या मनात आलं की ही बोट पुन्हा समुद्रावर न्यावी. आधी माणसं पाठवून तपासायचं, जमण्यासारखं आहे का. आणि जमलं, तर पहिल्या फेरीला एक जुना स्ट्यूअर्ड बरोबर घ्यायचा, प्रवाशांना गोष्टी सांगायला. त्यांनी रेजला विचारलं. त्या दिवसापासून तो ताठ चालायला लागला.

मॉरीन दर रविवारी फोन करायची. “बाबा, मागची खोली रिकामी ठेवलीय. या की आता. तिथे एकटे काय करता?”

“बोटीचं काय ते ठरू दे,” हा म्हणायचा.

असं किती रविवार चाललं! मी म्हटलं, “अरे रेज, लेक बोलावतेय. त्या लोखंडाची कसली वाट बघतोस?”

“पेग, तिच्या घरी मी काय करू? सोफ्यावर बसू? बोटीवर मला काम आहे.”

पबमध्ये शेजारी बसलेला स्टॅन, तोही बोटीवरचा जुना खलाशी, लगेच म्हणाला, “काम कसलं रे? म्हाताऱ्या बायकांना बादली धरायचं?”

“तूही ये,” रेज म्हणाला. “तुझ्यासाठी मोठी बादली ठेवतो.”

तपासणी चालू झाली. मिस पेनफोल्ड नावाची एक इंजिनिअर मुलगी त्यांची मुख्य होती, भली पोरगी. ती रेजला सांगायची, बाहेरचं लोखंड बरं आहे, पण बॉयलर जुने, तारा जुन्या, लाकडी भिंती आता आगीच्या कायद्यात बसत नाहीत, बचावाच्या होड्या सगळ्या नव्या लागतील. तरीही जमेल बहुतेक, म्हणायची. ते ‘बहुतेक’ हा घरी येऊन मला तीनतीनदा ऐकवायचा.

मग तिने जुन्या खलाशांना एक दिवस बोटीवर बोलावलं, कुठे काय होतं ते दाखवायला. रेजने पांढरा कोट इस्त्री केला. बटणं लागत नव्हती, ती मी सरकवून दिली.

पुढचं मला स्टॅनने सांगितलं. मिस पेनफोल्ड म्हणाली, “मिस्टर टिझर्ड, मोठ्या जिन्याने या. तो आम्ही तपासलाय.”

हा जागचा हलेना. मोठा जिना प्रवाशांचा. नोकरमाणसांनी खालच्या बोळाने जायचं, असा बोटीवरचा नियम. साहेबाने पाहिलं तर पगार कापायचे.

“मुली, त्या जिन्यावर मी जन्मात पाय ठेवला नाही.”

“रेज, अरे साहेब मेले सगळे!” स्टॅन ओरडला.

“मेले असतील. नियम मेला नाही.”

आणि ती पोरगी अडवेपर्यंत हा खालच्या बोळात शिरलाही. चार पावलं गेला असेल. पायाखालचा पत्रा बिस्किटासारखा मोडला आणि रेज मांडीपर्यंत आत. पाय मोडला.

त्याला बाहेर काढताना मिस पेनफोल्डने त्या भोकात दिवा धरला, आणि म्हणे, तिचं तोंड उतरलं. वरून रंग लावलेला, खाली गंजाने सगळं खाल्लेलं. मग तिने त्या मजल्यावर आणखी पत्रे उचकटून पाहिले. सगळीकडे तेच.

स्टॅन हॉस्पिटलात द्राक्षं घेऊन गेला आणि म्हणाला, “शाबास रे बाबा. वादळांना जमलं नाही ते तू एका बुटाने केलंस.”

सगळा वॉर्ड हसला. रेजही हसला. मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला.

अहवालात लिहिलं होतं की बोट चालवता येईल, पण जुनं इतकं काढावं लागेल की उरेल फक्त नाव. कंपनीने हात झटकले. मिस पेनफोल्ड स्वतः येऊन सांगून गेली. “तुमच्यामुळे नाही हो,” ती म्हणाली. “ते कधीतरी दिसलंच असतं. भर समुद्रात दिसलं नाही हे बरं.”

“बरंच झालं,” रेज म्हणाला. तिला चहा करून दिला, कुबडी काखेत धरून. तिचा कप रिकामा होईपर्यंत उभाच होता.

त्या रविवारी मी त्याच्याकडे जेवण घेऊन गेले होते. फोन वाजला. ह्याने स्वतःच सांगून टाकलं, “मॉरीन, बोटीचं संपलं. येतो मी तुझ्याकडे.”

 पलीकडचा तिचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. “बाबा… त्या खोलीत आता ग्रॅहमची आई आलीय राहायला. त्यांना आता एकटं राहवत नाही. मी किती विचारलं तुम्हाला. किती वर्षं विचारलं.”

“हो हो. विचारलंस ना,” हा म्हणाला. “बरोबर आहे तुझं. म्हाताऱ्या बाईला जपा. सकाळचा चहा वेळेवर देत जा तिला.”

फोन ठेवला. ताटातलं मटण गार झालं होतं.  मुलीची चूक नाही, त्याची म्हणावी तर तीही म्हणवत नाही. मी ताट उचलायला गेले.

“राहू दे पेग,” तो म्हणाला. “बटाटे आहेत का आणखी?”

एवढ्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. घरी जाऊन होते ते सगळे बटाटे घेऊन आले आणि तो खाईपर्यंत समोर बसले.