सात फुटांवरून

रविवारी उजाडलं की अकोल्यातले आमचे टेलरमास्तर गळ्यातली टेप काढून तिथे भंगारातून घेतलेला कॅमेरा अडकवतात आणि मला हाक मारतात. मीही चहा अर्धा टाकून धावतो. त्या कॅमेऱ्याचा फोकस सात फुटांवरच अडकला आहे, त्यामुळे मास्तरच मागेपुढे सरकतात. अंतर नजरेनं मापतात, इंचभर चुकत नाहीत. तोंड चालूच असतं, "हलू नका मावशी, लय मस्त उजेड पडून राहिला."

मागच्या रविवारी बार्शीटाकळीच्या बाजारात मी त्यांना माझा झूमवाला कॅमेरा दिला. त्यांनी लांबूनच एका मिरचीवालीचा फोटो काढला. झकास आला. तरी त्यांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबला.

"काहून मास्तर?"

"बाई जवळ आली भाऊ, पण मी तं तिच्यापाशी गेलोच नाही," म्हणत मास्तर मिरचीवालीकडे निघालेसुद्धा.