पोरगी पळाली

बेसबॉल खेळून मला मानधन मिळतं, हे आमच्या गावात, पिंपळीत, आजही कुणाला धड पटत नाही. मी आउटफिल्डर आहे. मैदानाच्या पार मागं उभी राहते, फटका उंच गेला की चेंडूखाली पोचते आणि झेलते. झेलणाऱ्या माझ्यापेक्षा चांगल्या पुष्कळ आहेत, पोचणाऱ्या नाहीत. हा गर्व आहे आणि तो मी सोडणार नाही.

गेल्या महिन्यात घरी गेले ती मात्र खेळाचं सांगायला नाही. माझ्या मनात एकजण आहे आणि तो आमच्यातला नाही. तात्यांना, म्हणजे वडिलांना, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं एवढीच इच्छा होती. भीती वाटत होती ती इंदापूरच्या मॅचमुळं.

ती मॅच म्हणजे आमच्या घरातली सगळ्यांची लाडकी गोष्ट. मी कॉलेजात होते, बारामतीच्या संघातून खेळत होते. फायनल इंदापूरला होती आणि आत्या इंदापुरातच दिलेली, म्हणून पहिल्यांदाच घरातलं कुणी मला खेळताना बघायला आलं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटच्या डावात मी तिसऱ्या बेसवर होते. पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारीच्या मागं निसटला, मी पळत सुटले आणि धूळ उडवत होमपर्यंत, म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत, घसरत पोचले. त्याच रनवर आम्ही जिंकलो. आत्यानं त्या गोंधळात तात्यांना फोन लावला आणि ओरडली, "दादा, पोरगी पळाली रं! समद्यांच्या देखत पळाली! कुनाला घावली न्हाय!"

आणि तिच्या फोनचं चार्जिंग संपलं.

पोरगा पळाला तर लोक विचारतात, कितवा आला? पोरगी पळाली याचा अर्थ आमच्याकडं एकच.

पुढचं चुलती रंगवून सांगते. तात्या धार काढत होते. दूध तसंच टाकून उठले, चुलत्याला गाडीत बसवलं आणि इंदापूर गाठलं. मैदानावर बक्षीस समारंभ चालू होता. तात्यांनी माझ्या दंडाला धरून विचारलं, "कोन हाय त्यो?" मी धुळीनं माखलेली, गळ्यात पदक. मला वाटलं, आमच्या कोचबद्दल विचारतायत. कौतुकानं बोट दाखवून म्हटलं, "त्ये काय, टोपीवालं!" सरांना टक्कल, मुलगी लग्नाची. तात्या त्यांच्यावर धावून गेले आणि आत्या मधे पडली म्हणून सर वाचले. या जागी सगळे पोट धरून हसतात. मीही हसते.

पण परत येताना बूट ठेवायला मी सीटखाली हात घातला, तेव्हा कोयता लागला. आमचा ऊस आहे, कोयता असणारच, गाडीतसुद्धा असू शकतो. इतकी वर्षं मी स्वतःची अशीच समजूत घालत आले.

आउटफिल्डला फटका बसल्याबरोबर पहिलं पाऊल पडतं, ते विचार करून पडत नाही. ते उलट्या दिशेला पडलं तर पुढं कितीही पळा, चेंडू हाती लागत नाही. त्या दिवशी माझा फोन चालू होता. त्यावर तात्यांचा एकही मिस्ड कॉल नव्हता. मला विचारावं असं त्यांच्या मनातच आलं नाही. हे मला कोयत्यापेक्षा जास्त लागलं आणि अजून लागतं.

तर गेल्या महिन्यात गोठ्यात तात्या एकटे सापडले. माझी मॅच टीव्हीवर का दाखवत नाहीत म्हणून कुरकुरत होते. डेअरीवर सगळ्यांना ते सांगतात, माझी पोरगी लई पळती. मी धीर गोळा केला. मूळ विषयाला हात घालण्याआधी मनातली ही एक अडचण दूर करावी म्हणून विचारलं,

"तात्या, तुमी इंदापूरला आलावता तवा सीटखाली कोयता हुता. त्यो गाडीतच असायचा का?"

त्यांनी गाईपुढं वैरण टाकली. ते खोटं बोलले असते तरी मला चाललं असतं.

"न्हाय," ते म्हणाले. "घरातनं घेतला हुता."

"माझ्यासाठी का त्याच्यासाठी?"

"येवढं कुठं ठरीवलं हुतं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "का गं? आज कसं काय आठावलं?"

"काय न्हाय. असंच."

मी त्यांच्या हातातली पाटी घेतली आणि उरलेली वैरण दुसऱ्या गाईपुढं टाकली. तात्यांना बरं वाटलं. शहरात राहूनही पोरगी काम विसरली नाही, असं आईला ओरडून सांगितलं.

दुपारच्या एसटीनं परत निघाले. शहरातल्या स्टँडवर तो न्यायला आला होता. पिशवी घेता घेता त्यानं विचारलं, "सांगितलंस?"

मी म्हटलं, "तू पिंपळीला कधीच यायचं नाहीस."