‘हाव’ म्हणजे होय

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं आहे तरी काय?

लातूर जिल्हा होऊन फार काळ लोटला नव्हता, आणि नांदेडबाहेरच्या माळावरचं आमचं विद्यापीठ तर त्याहून नवं. चार इमारती, बाकी कुसळं. हिमायतनगरची, देगलूरची पोरं एसटीतून उतरून धुळीत चालत यायची, दुपारी फडक्यातल्या भाकऱ्या सोडून बसायची. पूर्वी एका मार्कमेमोसाठी औरंगाबाद गाठावं लागायचं. मी उदगीरकडचा, तिथं कारकून — अजून कायम न झालेला, पण कुलगुरूंच्या थाटात फिरायचो. फार गोड दिवस होते ते.

बशीरचाचा तिथले माळी, रोजंदारीवर. कडुलिंबाची सगळी रोपं त्यांच्या हातची. मी दिसलो की आपल्या डब्यातला चहा अर्धा मला द्यायचे.

मग दुष्काळ पडला. शेजारच्या वस्तीची विहीर आटली. हा माळ मुळात त्यांच्याच गुरांचा. बायका घागरी घेऊन कुंपणापाशी नुसत्या उभ्या राहायच्या, मागायच्या नाहीत. टाकीच्या नळाची किल्ली माझ्या टेबलात असे. मला राहवेना. मी ती चाचांना दिली. म्हणालो, "रोज अर्धा तास सोडा त्यांना. कुणी इचारलं तर मी हाय की."

मी हाय की — किती सहज बोललो होतो, नाही?

तक्रार गेली. चौकशीला पुण्याकडचे एक साहेब आले. जबाब लिहायला कोण? मीच.

"नळ तुम्ही सोडला?"

"हाव," चाचा म्हणाले.

"हाव? पाण्याची हाव?" साहेब हसले, खोली हसली. मीही हसलो. आईच्या हाकेला ‘हाव’ म्हणत वाढलेला मी. चाचा माझ्याकडे बघत राहिले. किल्लीचं नाव त्यांनी काढलं नाही — मी काढीन असं वाटलं असेल त्यांना. निदान त्या एका शब्दाचा अर्थ तरी सांगीन. पण अर्थ सांगितला असता तर पुढचा प्रश्न किल्लीचा आला असता ना?

साहेबांनी सांगितलं तसं मी लिहिलं — ‘हावेपोटी नळ सोडला.’ चाचांना वाचता येत नव्हतं. नियमाप्रमाणे जबाब वाचून दाखवायचा असतो. मी वाचला — "हाव, नळ सोडला." एवढंच. त्यांनी विश्वासानं अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना फाटकातून आत घेतलं नाही. वस्तीचं पाणी तुटलं. त्याच वर्षी मी कायम झालो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही. आणि तेव्हापासून ‘हाव’ हा शब्द माझ्या तोंडातून गेला तो गेलाच.

निवृत्तीनंतर एकदा नांदेडच्या बाजारात चाचा भेटले. पार वाकलेले, पण ओळखलं त्यांनी. माझा हात धरून एकच विचारलं, "आपली लिंबं जगली का, साहेब?"

जगली होती. सावलीत पोरं बसतात आता.

मी म्हणालो, "होय."