ट्रकने कट मारला

माझ्या आईच्या उजव्या मांडीत सळई आहे, आणि कागदोपत्री ती एका पळून गेलेल्या ट्रकमुळे आहे. तसा ट्रक कधी नव्हताच. गाडी उलटली ती आमच्याच गावच्या पोराच्या हातून, फोन बघता बघता. हे अख्ख्या दांडी गावाला माहीत आहे, फक्त पोलिसांना माहीत नाही.

आमच्या आळीतल्या बायका सकाळी मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला जायच्या, त्या याच पोराच्या सहा आसनी रिक्षातून. सहा आसनी आपली म्हणायला. पाट्या, बर्फ आणि बायका मिळून आत किती कोंबायचे ते विचारू नका. पोरगा गोड होता, खोटं कशाला बोलू? आईला मावशी म्हणायचा, पाटी उतरवून घ्यायचा, चहा पाजल्याशिवाय परतीची गाडी काढायचा नाही. असा एक पोटचा असता तर या पोरीची बोलणी खावी लागली नसती, असं आई माझ्या तोंडावर म्हणायची.

त्या दिवशी बोईसरात माल उरला म्हणून सगळ्या पुढे बेटेगावला निघाल्या. वळणावर गाडी रस्त्याखाली गेली. बाकीच्यांना खरचटलं, आईचा पाय गाडीखाली सापडला. आता आमच्या बायांची अक्कल ऐका. अँब्युलन्स यायची होती, रस्ताभर बोंबील पसरले होते, आई विव्हळत होती, पोरगा डोकं धरून रडत होता, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईने तिथेच ठरवून टाकलं की पोलिसांना सांगायचं, ट्रकने कट मारला आणि पळाला. सगळ्या हो म्हणाल्या. माझी आईसुद्धा, तशा अवस्थेत.

का, ते बाहेरच्या माणसाला सांगावंच लागेल. आमच्याकडे समुद्रात एकाच्या बोटीने दुसऱ्याचं जाळं फाडलं तर पोलिसात कोणी जात नाही. गावातली मोठी माणसं बसतात आणि ज्याच्या हातून झालं त्याने भरून द्यायचं असं ठरतं. पैसे नसतील तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या बोटीवर राबून फेडायचं. बायांनी तोच कायदा रस्त्याला लावला. पोराचं नाव घेतलं की आईचा पाय त्याच्या घरातून वसूल होणार. गाडी कर्जाची, बाप नाही, लग्न ठरलेलं. म्हणजे पोरगं बुडालंच.

मी पालघरला दिलेली. मी इस्पितळात पोचेपर्यंत आईचा जबाब होऊन गेला होता. खरं कळल्यावर मी आकांडतांडव केलं. आई म्हणाली, "आपलेच दात नि आपलेच ओठ. सांगतेस कोनाला?"

पाय जुळला, पण आखूड जुळला. पाटी डोक्यावर घेऊन उभं राहणंही जमेना. ज्या बाईने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही ती माझ्या नवऱ्यासमोर औषधाची चिठ्ठी धरताना खाली बघायला लागली, तेव्हा मी तिला पालघरच्या एका वकिलांकडे नेलं. अज्ञात गाडीच्या नावावर सरकार देतं ते थोडंसंच, असं ते म्हणाले. मला राहवेना. मी खरं सांगून टाकलं. मग त्यांनी समजावलं की चूक ड्रायव्हरची आणि गाडीचे कागद नीट असले, तर भरपाई विमा कंपनी देते. ड्रायव्हरवर केस होते, जामीन मिळतो, पण त्याचं घर कोणी विकायला काढत नाही.

"म्हंजे, त्याच्या घरातून काय जात नव्हतं?" आईने विचारलं.

"मावशी, त्यासाठीच तर विमा उतरवतात."

आई तोंडाला पदर लावून बसली. मला त्या सगळ्या बायांचा राग आला, आणि राग धरायचा तरी कोणावर? कोणी वाईट वागलंच नव्हतं. तेच मला आजही सहन होत नाही.

अजून वेळ गेली नव्हती. आईने एकटीने जबाब फिरवला तर विमावाले तिलाच खोटी पाडतील, पण पोराने स्वतः जाऊन कबूल केलं तर बघता येईल, असं वकील म्हणाले. आईने त्याला घरी बोलावलं. तुझ्या घराला धक्का नाही, फक्त झालं तसं सांग, असं हळू आवाजात समजावलं. तो रडला आणि सोमवारी जातो म्हणाला. सोमवार गेला. मग त्याची आईच आली. पोराचं लायसन जाईल, ठरलेलं लग्न मोडेल, आणि ट्रकचं तुम्ही बायांनीच ठरवलंत, माझ्या पोराने नाही, असं म्हणाली. तेही खरंच होतं. मी तोंडाला येईल ते बोलले, शेवटी आईनेच मला गप्प केलं. बाकीच्या बाया म्हणाल्या, आता बोललो तर आमीच खोट्या. करता करता दावा लावायची मुदत निघून गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्यानंतर त्याने आमच्या आळीतून गाडी आणणंच सोडलं. आई आता ओट्यावर बसून दुसऱ्यांची कोलंबी सोलून देते. रस्त्यावर गाडी वाजली की मान वर करते, हे मी पाहिलंय.

लग्नाचं बोलावणं मात्र आलं. मी म्हटलं, अजिबात जायचं नाही. आई नवं लुगडं नेसून तयार. मांडवात नवरा-नवरी मोठ्यांच्या पाया पडत आमच्यापर्यंत आली. तो वाकला, आणि आईच्या डाव्या पायाला हात लावून घाईने उठायला लागला.

"दुसऱ्या पायाला बी लाव," आई म्हणाली.

त्याने लावला. मान वर केली नाही. नवरी बिचारी दोघांकडे बघत राहिली, तिला काय माहीत. आईने दोघांना आशीर्वाद दिला, बोटं मोडून नवरीची दृष्टसुद्धा काढली. जेवलो, निघालो.

रिक्षात मी धुसफुसत होते. म्हटलं, एवढं खोटं बोललीस त्याच्यासाठी, काय मिळालं तुला?

आई बाहेर बघत होती. म्हणाली, "पायाचं काय नाय गं बाय. मला वाटलं, पोरगा तरी आपला राहील."