नासपतीच्या तीन फोडी

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याच्या राजधानीत, सेलमच्या विधानसभेत, आर्डिथ रोज सकाळी आपल्या बागेतल्या नासपतीच्या तीन फोडी करी. एक स्वतःला ठेवून दोन विरोधी पक्षातल्या व्हर्जिलसमोर सरकवी.

"लाच का गं?" तो विचारी.

"लाच असती तर अख्खी दिली असती."

आमच्या ऑरेगनमध्ये अंदाजापेक्षा जास्त जमलेला कर लोकांना परत जातो. तो सरकारकडे राखायचा तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. आर्डिथच्या गावचा दवाखाना वणव्यात जळाला होता, आणि तो उभारायला तिला त्या शिलकीतला वाटा हवा होता. वरच्या सभागृहात जमलं. इथे मात्र मतदानाच्या सकाळपर्यंत एक मत कमी पडत होतं. तरीही तिने नेहमीसारख्या फोडी केल्या.

"माझे मतदार मला फाडून खातील," व्हर्जिल म्हणाला. मग त्याने हळूच विचारलं, "आमच्याकडच्या बायकांना घ्याल का बाळंतपणाला?"

"आजवर कुणाला परत पाठवलंय?"

मतदान पुकारलं गेलं तरी त्याच्यापुढच्या फोडी तशाच होत्या. मग त्याने हिरवं बटण दाबलं. फलकावर आकडा पुरा झाला, सगळे उभे राहिले. आर्डिथने डोळे पुसले आणि ती त्याला म्हणाली,

"काळ्या पडतायत बघ. खा आता."